वरचा अर्धा दिवस

आमच्या माडीवरच्या खोलीत एक टीचर राहायच्या. वाटेत कुणी विचारलं, "टीचर, किती वाजले?" तर त्या घड्याळ बघून म्हणायच्या, "अजून सव्वाअकरा झाले नाहीत." विचारणारा बिचारा तिथंच उभा. अकरा वाजले की नाही? ते तुमचं तुम्ही ओळखा. पहिल्या दिवशी मी त्यांना चहा देताना विचारलं, साखर किती घालू? म्हणाल्या, अर्ध्या चमच्याच्या खाली नको, एकाच्या वर नको. मी चमचा हातात धरून विचार करत राहिले. ही कसली बाई, म्हटलं. चहा उकळून कमी झाला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ह्यांनी मला मोकळीक दिली आहे. अर्धा आणि एक, ह्यांच्या मधे मी काहीही घालावं, त्या तक्रार करणार नाहीत. आणि इतक्या वर्षांत खरंच त्यांनी चहाला कधी नाव ठेवलं नाही. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, रोज ठेवलं.

शिकलेली माणसं मी काय कमी बघितलीत? आमचं कापडाचं दुकान हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात. सांगलीकडून आमचे आजेसासरे इकडं आले, तेव्हापासूनचं. तिथं डॉक्टरीण येते, वकील येतो, कॉलेजातले प्रोफेसर येतात, गाद्यांवर बसून चहा पितात. पण शिकलेलं असं रोजच्या चहात विरघळवून पिणारी बाई मी ही एकच बघितली. मी स्वतः सातवीपर्यंतच. पुढं जे काय आलं ते दुकानांच्या पाट्या वाचून, रद्दीतले कागद वाचून आणि ह्या टीचरांच्या जिन्यात कान देऊन. गेल्या उन्हाळ्यात त्या भावाकडं सिरसीला राहायला गेल्या. खोलीत आता बँकेतला एक मुलगा आहे. चांगला आहे. वेळ विचारली तर वेळ सांगतो.

त्या खोली बघायला आल्या तो दिवस मला अजून दिसतो. इथं नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, हे हुबळीतल्या माणसाला काय सांगायचं. बाकीचे भाडेकरू येतात, खिडकी उघडून बघतात, भाडं विचारतात. टीचरनी आधी आमचा पाण्याचा हौद बघितला. झाकण काढून आत वाकल्या. मग मला विचारलं, अक्का, हा भरला की किती बादल्या होतात? मी म्हटलं, एकशेवीस धरा. तुमच्या घरात रोज किती लागतात? म्हटलं, बाराच्या पुढं मी जाऊ देत नाही. पाणी कितव्या दिवशी येतं? आठव्या. झालं. मालकांच्या खिशातून कापडावर खुणा करायचा निळा खडू डोकावत होता, तो न विचारता काढून घेतला, जिन्याच्या शहाबादी फरशीवर बसल्या आणि लिहायला लागल्या. आम्ही दोघं नवराबायको बघत उभे. मालकांना वाटलं, बाई करणी-बिरणी करतेय की काय.

लिहून झाल्यावर मला बोलावून दाखवलं. "बघा अक्का. तुमच्या बारा आणि माझ्या क्ष बादल्या, असे आठ दिवस. ते सगळं मिळून एकशेवीसच्या वर जाता कामा नये. हा क्ष म्हणजे मी." बोट फिरवत खाली आल्या. तुमच्या शहाण्णव गेल्या, राहिल्या चोवीस, आठ दिवसांत वाटल्या. "मला दिवसाला तीनच्या वर मिळणार नाहीत. तीन साकु. राहते मी."

साकु म्हणजे पुरे. कन्नडातला हा एक शब्द त्यांच्या तोंडात सारखा असायचा. तशा त्या बोलायच्या आमच्याशी मराठीतच, पण ती मराठी आमच्याच घरात शिकलेली. त्यामुळे माझ्या चुका त्यांच्या तोंडून ऐकायला यायच्या.

त्या इथल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवायच्या, रिटायर झाल्यावर आमच्या जिन्यात शिकवायला लागल्या. जिन्यातच का? तर फरशी काळी, खडू निळा, आणि पुसायला मी होते. संध्याकाळी मुलं पायऱ्यांवर ओळीनं बसायची. आठवी-नववीची मुलं, आणि शिकवणं बहुतेक एकाच धड्याचं, असमानता. बाकीचं गणित त्या शिकवायच्या नाहीत असं नाही, पण ते पाहुण्यासारखं. असमानता घरची. म्हणायच्या, "बरोबरचं चिन्ह परीक्षेत असतं. घरात कुठं असतं? घरात सगळं कमी-जास्त."

ते कमी-जास्तचं चिन्ह मुलांना उलटसुलट व्हायचं. एकदा मालक सोप्यात बसून सुपारी कातरत होते, टीचर जिन्यावरून उतरल्या, त्यांच्या हातातून अडकित्ता घेतला आणि परत वर गेल्या. मुलांना म्हणाल्या, तोंड उघडं कुठं? मोठ्या सुपारीकडं. टोक कुठं? लहान खांडाकडं. तेव्हापासून आमच्या जिन्यात त्या चिन्हाचं नावच अडकित्ता पडलं. मालक अर्धी सुपारी हातात धरून तसेच बसले होते.

मला सगळ्यात आवडायचं ते त्यांचं गोष्टीचं गणित करणं. पुस्तकातली गणितं त्या देत नसत. पुस्तकातली माणसं खोटी, म्हणायच्या, त्यांना काही लागत नाही. मुलांनी घरून गणित आणायचं. जुन्या हुबळीतून एक मुलगी यायची, भारी चुणचुणीत. तिनं आणलं, डॉक्टर म्हणाले दप्तर चार किलोच्या वर नको, वह्या-पुस्तकंच तीन किलो होतात, तर डबा किती भरू? टीचरनी तिला तिथंच मांडायला लावलं. तीन अधिक डबा, चारच्या वर नको, म्हणजे डबा जास्तीत जास्त एक किलो. सगळी मुलं हसायला लागली, एक किलोचा डबा कोण खातं ग? टीचर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे भाकरी एक जास्त ने. जागा आहे."

आणि एक चूक प्रत्येक पोर करायचंच. "कमीत कमी दोन" असं आलं की कमीचा अडकित्ता लावायचं. टीचर ओरडायच्या नाहीत. विचारायच्या, आईनं सांगितलं कमीत कमी दोन भाकऱ्या खाल्ल्याच पाहिजेत. तू तीन खाल्ल्यास. आई मारील? नाही. एक खाल्लीस? मारील. मग दार कुठल्या बाजूला उघडं आहे? पोर जरा वेळ बघत राहायचं आणि स्वतःच्या हातानं अडकित्ता फिरवायचं. ते फिरवताना त्याच्या तोंडावर जे दिसायचं ना, ते बघायला मी भाजी निवडायला मुद्दाम जिन्याखाली बसायची.

एकदाच मी मधे बोलले. वजा आकड्यानं गुणलं की अडकित्ता उलटतो, हे मुलांना सांगत होत्या आणि मुलं माना डोलवत होती, पण कळलं कुणालाच नव्हतं. मलाही नाही. मी खालून म्हटलं, टीचर, का उलटतो? त्या थांबल्या. मग एका मुलाला तिसऱ्या पायरीवर उभं केलं, एकाला पाचव्या. दोघांचं तोंड गच्चीकडं. अक्का, कोण पुढं? म्हटलं, पाचवीवरचा. आता दोघं फिरा, तोंड दाराकडं. आता कोण पुढं? तिसरीवरचा. कुणीही जागा सोडली नव्हती. "एवढंच करतं वजा," म्हणाल्या. "माणसं तिथंच असतात. तोंड फिरतं." माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते. एवढं मोठं कोडं, आणि आमच्या घरातल्या पायऱ्यांवर बसलेलं होतं, मी रोज पुसत होते त्या.

विचित्र तर होत्याच. रिक्षात तीन माणसांवर चौथं चढलं की ह्या उतरायच्या, आणि रिक्षावाल्याला वर सांगायच्या की आता तुझी अट पूर्ण झाली. लग्नाच्या पत्रिकेत "ठीक बारा वाजून चार मिनिटांनी" असं असलं तर त्या लग्नाला जायच्या नाहीत. इतकं ठीक कुणालाच जमत नाही, म्हणायच्या, मग भांडणं होतात. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे उत्तर कधी सांगायच्या नाहीत. गणित शेवटच्या ओळीपर्यंत आणून खडू ठेवायच्या आणि म्हणायच्या, आता वाचा. शेवटची ओळ म्हणजे काय, ती ओळ तुमच्या घरात काय करणार आहे, ते ज्याचं त्यानं वाचायचं.

ह्याच सवयीनं आमच्या रेणुकाचं जवळजवळ वाटोळं झालं असतं. आणि ते टळलं तेही टीचरमुळंच. तेच सांगायला बसले होते, वाटेत हे सगळं आलं.

रेणुका आमची सून. अळणावरकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. तिच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिली. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी आमच्याकडून दुसरं काही मागितलं नाही, एवढंच म्हणाले की बी.एड. पुरं होऊ दे. मालक हो म्हणाले. तसे ते शब्दाचे पक्के. पण दोन वर्षांत किती वेळा त्यांना वाटून गेलं असेल की सून दुकानात बसती तर, ते मला ठाऊक आहे. आणि शेवटच्या सहामाहीत पोरीला कावीळ झाली. डोळे पिवळे, अन्न नको, अंथरुणातून उठवेना. बरी होऊन कॉलेजात गेली तर ऑफिसात सांगितलं, हजेरी शंभरात पंच्याहत्तर लागते. तेवढी नसली तर परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष परत. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. चिठ्ठी ठेवून घेतो, म्हणाले, पण चिठ्ठीनं दिवस वाढत नाहीत.

मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ह्या वर्षी राहू दे मग, पुढचं पुढं बघू. आमच्या घरात पुढं बघू म्हटलेलं काही कधी पुढं आलेलं मी बघितलेलं नाही. रेणुकालाही ते कळलं. ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली, डोक्यावर पदर ओढून. रडत होती की काय, आवाज नव्हता.

तेवढ्यात टीचर वरून उतरल्या. "ऊठ ग. माझ्या फळ्यावर बसलीस."

ती उठली, तशी तिला बाजूला घेऊन विचारायला लागल्या. कॉलेज ह्या सहामाहीत एकूण किती दिवस? सत्तर. आतापर्यंत किती झाले? पन्नास. त्यातले तू किती गेलीस? तेहेतीस. खडू निघाला. मला आठवतं, त्या लिहिताना बोलत होत्या, जसं काही फोडणी देताना आपण बोलतो. जे झालं ते आधी ठेव, तेहेतीस. त्यात अजून जाशील ते घाल, ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्याचं नाव क्ष. आता ते दोन्ही मिळून कशाच्या खाली जाता कामा नयेत? सत्तरचे तीन चतुर्थांश, साडेबावन्न. अडकित्त्याचं तोंड कुणीकडं? रेणुकानं नाक पुसत बोट दाखवलं, तेहेतीस आणि क्षच्या बाजूला. बरोबर. आता तेहेतीस इकडून काढून तिकडं वजा कर.

क्ष साडेएकोणीसच्या खाली नको.

"वाचा आता," म्हणाल्या, आणि गोळी घ्यायची वेळ झाली म्हणून वर गेल्या.

आम्ही वाचत होतो तेवढ्यात मालक जेवायला आले. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. साडेएकोणीस लागतात, दिवस राहिलेत वीस. त्यांचा चेहरा असा उजळला की बास. "मग रडायलीस कशाला? साडेएकोणीस म्हणजे एकोणीस. वरचं अर्धं कोण धरतं? एक दिवस शिल्लक राहतो की."

हे त्यांचं वरचं अर्धं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या दुकानात तागा संपत आला की शेवटचा तुकडा उरतो. मोजला तर दोन मीटर आणि वर थोडं. ते थोडं आम्ही धरत नाही. दोन म्हणून देऊन टाकायचं. आजेसासऱ्यांपासूनचा रिवाज आहे. गिऱ्हाईक खूश, आपल्यालाही पुण्य. दुर्गदबैलात आमच्या दुकानाचं नाव आहे ते त्या वरच्या थोड्यामुळंच, असं मालक मानतात. आयुष्यभर जिथं अर्धं दिसलं तिथं ते सोडत आलेत.

आणि त्या शिल्लक दिवसाला त्यांनी लगेच काम दिलं. त्यांच्या आईचं श्राद्ध त्या वीस दिवसांतच येत होतं. आमच्याकडं श्राद्धाची खीर घरातल्या सुनेनं करायची आणि दुपारी पानावर वाढायचीही तिनंच. आधी मी करायची, रेणुका आल्यापासून ती. मालक म्हणाले, बघ, देवानंच तो एक दिवस ठेवलाय आईसाठी. आम्हा दोघींना पण तसंच वाटलं. पोर जेवली त्या दिवशी पोटभर. रोज सकाळी कॉलेजला जायला लागली.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. टीचर हौदावरून बादली घेऊन चालल्या होत्या. काय तयारी चाललीय, विचारलं. मी सांगितलं. खीर कोण करणार? रेणुका, उद्या घरीच आहे ती. बादली त्यांनी खाली ठेवली. उद्या कॉलेज नाही? म्हटलं, आहे, पण तो एक शिल्लक दिवस आहे ना, तो उद्या घेतेय.

मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. चेहरा पांढरा पडला. "चूक माझी," म्हणाल्या. "मी वाचून घेतलं नाही."

मालक दुकानातून आले होते, पाय धुऊन सोप्यात सुपारी कातरत होते. टीचर आमच्या सोप्यात सहसा येत नसत. त्या दिवशी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा, रेणुकाला उद्या जावं लागेल."

"उद्या कसं? आईचं श्राद्ध आहे. एकोणीस लागतात, वीस आहेत."

"साडेएकोणीस लागतात."

"तेच की. वरचं अर्धं सोडायचं."

"कुणी सोडायचं?"

मालक हसले. लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागले, आमच्या आजोबांपासून असं आहे टीचर, ताग्याचं शेवटचं कापड, वरचं थोडं आम्ही धरत नाही...

"तुम्ही धरत नाही, कारण कापड तुमचं आहे," टीचर म्हणाल्या. आवाज अगदी खालचा. "तुम्ही देणाऱ्या बाजूला बसलात. देणाऱ्यानं सोडलं तर त्याचा मोठेपणा. रेणुका मागणाऱ्या बाजूला उभी आहे, अण्णा. तिनं अर्धा सोडला तर तिकडून कोण म्हणणार आहे, असू दे, अर्धाच आहे?"

अडकित्ता थांबला. मी तांदळात हात घालून तशीच बसले. तोपर्यंत मला त्या दोन बाजू दिसल्याच नव्हत्या. तेच साडेएकोणीस. देणाऱ्याच्या हातात ते खाली घसरतं, मागणाऱ्याला मात्र वर चढावं लागतं. आणि त्या बाईनं ते आमच्या दुकानात, आमच्या रिवाजात हात घालून दाखवलं.

"मग अर्धा दिवस जाऊन येऊ दे," मालक म्हणाले.

"सकाळची सही आणि संध्याकाळची सही, दोन्ही झाल्या तर एक दिवस. नाहीतर काही नाही. वीसच्या वीस लागतात. एकही शिल्लक नाही. पहिल्यापासूनच नव्हता."

रेणुका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मालकांनी तिच्याकडं बघितलं नाही. हातातली सुपारी डब्यात टाकली. मग म्हणाले, "टीचर, तुमचं बरोबर असेल. पण आईचा दिवस आहे. ह्यात गणित नको."

मला वाटलं, आता टीचर बोलतील. एवढी हुशार बाई, काहीतरी काढतील. त्यांनी नुसती बादली उचलली आणि गेल्या. जाताना जिन्याच्या खालच्या पायरीपाशी जरा वाकल्या. नंतर जाऊन बघितलं तर एक ओळ लिहिली होती. क्ष साडेएकोणीसच्या खाली नाही, वीसच्या वर नाही. खाली एक आडवी रेघ, रेघेवर आकडे, आणि वीसवर एकच ठिपका, गच्च भरलेला. बाकी सगळी रेघ रिकामी.

पायऱ्या पुसायचं काम माझं. श्राद्धाच्या आधी घर धुवायचं असतं. मी सोपा धुतला, स्वयंपाकघर धुतलं, उंबरा धुतला. ती पायरी धुतली नाही.

सकाळी मालक आंघोळ करून सोवळं नेसून गच्चीवर गेले, सूर्याला पाणी द्यायला. जाताना तिथून गेले. येताना तिथं उभे राहिले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. दूध गॅसवर होतं. रेणुका ओल्या केसांनी तांदूळ धुत होती, कॉलेजची पर्स खुंटीवरच होती. पोर रात्रभर झोपली नसावी. सासऱ्याच्या आईच्या श्राद्धाला नाही म्हणायचं म्हणजे काय, ते ती खेड्यातली असल्यानं तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. मुलगा आमचा दारात उभा, तो बापापुढं कधी बोललेला नाही.

मालक आत आले. दुधाच्या पातेल्यात डोकावले. मग म्हणाले, "सकाळची सही किती वाजता असते ग तुझी?"

"दहाच्या आत, अण्णा."

"मग थांबलीस कशाला?"

तिला कळलं नाही. मलाही नाही. त्यांनी माझ्या हातातून पळी घेतली. ज्या माणसानं जन्मात कधी गॅसचं बटण फिरवलं नव्हतं, तो माणूस सोवळ्यात गॅसपुढं उभा राहिला आणि मुलाला म्हणाला, गाडी काढ, बायकोला सोडून ये. रेणुका वाकून पाया पडायला गेली तर म्हणाले, "नंतर पड. दूध वर यायलंय."

खीर त्यांनीच ढवळली. मी वेलची घालू, साखर घालू असं म्हटलं तर हात बाजूला केला. दुपारी पानावरही त्यांनीच वाढली. भटजींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि मुकाट्यानं जेवले. गच्चीवर पान ठेवलं. कावळा यायला वेळ लागला. मालक हात जोडून उभे होते, ओठ हलत होते. आईला काय सांगत होते, मी विचारलं नाही.

त्यानंतरचे सगळे दिवस रेणुका गेली. एक दिवस ताप होता तरी गेली, टीचर रिक्षात बरोबर बसून कॉलेजच्या दारापर्यंत गेल्या. परीक्षेचं हॉलतिकीट हातात पडलं त्या संध्याकाळी तिनं ते आधी टीचरना दाखवलं, मग नवऱ्याला. मी बघितलं, पण मला राग आला नाही.

मालकांनी ते हॉलतिकीट दोनदा वाचलं. मग उठले आणि जिना चढायला लागले. शिकवणीची वेळ, पायऱ्यांवर मुलं बसलेली. मुलांनी सरकून वाट दिली. टीचर वरच्या पायरीवर खडू घेऊन. हे दोन पायऱ्या खाली थांबले. इतक्या वर्षांत मालक त्यांच्याकडं काही विचारायला गेलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

"टीचर, एक विचारायचं होतं. लागत होते साडेबावन्न. भरले त्रेपन्न."

"हौदु," त्या म्हणाल्या. होय.

"मग तो वरचा अर्धा कुठं गेला?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही. कापडाच्या माणसाला तुकडा कुठं गेला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. मुलं टीचरांच्या तोंडाकडं बघायला लागली. ज्या बाईनं कधी कुणाला उत्तर सांगितलं नाही, ती बाई खडू बोटांत फिरवत होती. मी जिन्याखाली, हातात भाजीची पाटी.

"त्या दिवशी खीर कुणी ढवळली, अण्णा?"

"मी."

"मग तो तुम्ही सोडला," टीचर म्हणाल्या. "ह्या वेळीही देणारे तुम्हीच."

मालकांनी पायरीकडं बघितलं. मुलांकडं बघितलं. मान हलवली, जसं ताग्याचं माप जमलं की हलवतात.

"खीर खाली लागली होती जरा," ते म्हणाले, आणि उतरायला लागले.